टोपी, वारा आणि टाचणी

वाऱ्याने डोक्यावरची टोपी उडून जाऊ नये म्हणून मनुष्याने कोणकोणते उपाय योजले, हा विषय इतिहासाच्या अध्यापकाने हाती घ्यावा, याचे काही वाचकांस हसू येण्याचा संभव आहे. तह, लढाया आणि गादीचे तंटे यांच्या पंगतीला दोरी, बंद आणि टाचणी यांचा पाट मांडणे त्यांस विपरीत वाटेल. त्यांच्या हसण्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र एवढेच सुचवावेसे वाटते की, तहनाम्यावरून राजेलोकांनी काय कबूल केले ते समजते; रस्त्याने जाताना सामान्य माणसाचे हात कशात गुंतलेले होते, हे त्यावरून समजत नाही. आणि माणसाचा हात मोकळा असणे किंवा नसणे ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. काठाच्या टोपीचा बंदोबस्त कसा करावयाचा, हा प्रश्न युरोपात नुसत्या वाऱ्याचा नव्हता. कोणी कोणापुढे टोपी उतरावयाची, या प्रश्नाशी तो जखडलेला होता. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तर तो, बाईमाणसाने भर रस्त्याने एकटीने निर्धास्तपणे जावे की नाही, या प्रश्नाला जाऊन भिडला.

आपल्याकडे हा प्रश्न त्या स्वरूपात उद्भवला नाही, याची कारणे दोन. एक तर आपल्या पगडीला, पागोट्याला, रुमालाला किंवा फेट्याला चहूंकडे पसरलेला सपाट काठ नसतो. वाऱ्याला धरावयास काही तरी हवे. पेचावर पेच देऊन डोक्याभोवती आवळलेल्या फेट्यात त्याला ते सापडत नाही. फार तर शेमला फडफडतो, आणि तो फडफडण्यासाठीच सोडलेला असतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. वडीलधाऱ्यांपुढे किंवा दरबारात डोके उघडे करणे हा आपल्याकडे मान नव्हे, अमर्यादा होय. आपण पायातला जोडा काढीत असू, डोईवरचे पागोटे नव्हे. पागोटे उतरले म्हणजे अब्रू उतरली, असाच आपला समज. जी वस्तू दिवसभरात कोणासाठीही काढावयाची नाही, ती हवी तितकी घट्ट बसविता येते. युरोपातील गृहस्थाची अडचण नेमकी येथे होती. त्याची टोपी वाऱ्याला दाद न देणारी हवी. पण ओळखीची बाई समोरून येताच दोन बोटांनी सहज उचलता येणारीही हवी. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरिणी आहेत.

वारा टोपी उडवितो म्हणजे काय करतो, ते थोडक्यात पाहू. काठाच्या पुढच्या कडेखाली शिरलेला वारा तिला खालून वर ढकलतो, हे तर उघड आहे. परंतु वारा अगदी समोरून सपाट आला तरीही टोपी हलकी होते. कारण टोपीच्या घुमटावरून वळसा घेऊन जाताना हवेचा वेग वाढतो आणि तेथील दाब कमी पडतो. विमानाचा पंख ज्या न्यायाने उचलला जातो, त्याच न्यायाने ही टोपी उचलली जाते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. काठ रुंद केला तर त्याचे क्षेत्रफळही झपाट्याने वाढते. म्हणजे ऊन अडविण्यासाठी टोपीला जो गुण दिला, तोच वाऱ्याच्या दिवशी तिचा अवगुण ठरतो. अनुभवी माणूस अशा वेळी मान किंचित खाली घालून वाऱ्याला सामोरा जातो. त्यामुळे काठाची पुढची कड खाली येते आणि वारा तिला उचलण्याऐवजी डोक्यावर दाबतो. हा उपाय फुकटचा आहे, पण तो समोरच्या वाऱ्यापुरता. वारा मागून किंवा बाजूने आला की हात वर जावयाचाच.

प्राचीन ग्रीकांनी या कोड्याचे जे उत्तर काढले, ते इतके सरळ होते की त्यात पुढे फारशी सुधारणा करण्यास जागा उरली नाही. त्यांची ‘पेटासस’ नावाची रुंद काठाची टोपी असे; ‘पसरणे’ या अर्थाच्या धातूपासून ते नाव आले आहे. प्रवासी, शिकारी आणि घोडेस्वार यांची ही टोपी; पार्थेनॉन मंदिराच्या कोरीव पट्टीवरील काही स्वारांच्या डोक्यांवर ती दिसते. प्रवाशांचा देव हर्मीस यालाही ग्रीक चित्रकारांनी पुष्कळदा हीच टोपी दिली आहे. तिला हनुवटीखालून जाणारी दोरी असे. वारा सुटला की दोरी आवळावयाची. सावलीत आल्यावर टोपी मागे ढकलून पाठीवर लोंबत ठेवावयाची. डोके मोकळे, हात मोकळे, आणि टोपीही हरवत नाही. रोमन लोकांनी ही टोपी ग्रीकांपासून घेतली. कॅलिग्युला बादशहाने (इ. स. ३७ ते ४१) नाटकगृहात उन्हात बसणाऱ्या सिनेटच्या सभासदांना थेसलीच्या पद्धतीची टोपी घालण्याची परवानगी दिल्याचे डिओ कॅसियसने नमूद केले आहे. परवानगी द्यावी लागली, यातच सर्व आले. अशी टोपी ही वाटसरूची वस्तू होती. प्रतिष्ठित नागरिकाने नगरात ती घालणे शिष्टसंमत नव्हते.

दोरीचे दैव मात्र कधी कधी विलक्षण फळफळते. पोप चौथा इनोसंट याने १२४५ मध्ये कार्डिनलांना तांबडी रुंद काठाची टोपी बहाल केली. या जातीच्या टोपीला हनुवटीखाली बांधण्याच्या दोऱ्या असत आणि दोऱ्यांच्या टोकांना गोंडे. कालांतराने टोपी डोक्यावर घालण्याची वस्तू राहिली नाही, मानाची झाली. तिचे चित्र कार्डिनलांच्या कुलचिन्हावर चढले, आणि मग गोंड्यांचीच मोजदाद सुरू झाली. कार्डिनलाला दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा, आर्चबिशपाला दहा-दहा, बिशपाला सहा-सहा. ज्या दोरीचे काम वाऱ्यात टोपी धरून ठेवणे एवढेच, तिच्या टोकांवरून माणसाचा दर्जा ओळखला जाऊ लागला. १९६९ मध्ये पोप सहावा पॉल याने प्रत्यक्ष टोपी देण्याची चाल बंद केली. कुलचिन्हांवरचे गोंडे अद्याप लोंबत आहेत.

परंतु हा अपवाद झाला. एरवी हनुवटीखालची दोरी युरोपातील सभ्य पुरुषाने टाळली, आणि ती का टाळली हे समजण्यासाठी टोपी उतरण्याच्या चालीकडे वळले पाहिजे. सेंट पॉलने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रार्थनेच्या वेळी पुरुषाने मस्तक उघडे ठेवावे व स्त्रीने आच्छादावे, असा नियम घालून दिला आहे. देवापुढे जे करावयाचे तेच पुढे राजापुढे, जमीनदारापुढे आणि न्यायाधीशापुढे करावयाचे ठरले. सतराव्या शतकात इंग्लंडातील क्वेकर पंथाच्या लोकांनी ‘टोपी उतरणे ती फक्त देवापुढे’ असा हट्ट धरला, तेव्हा त्यासाठी त्यांना तुरुंग सोसावे लागले. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर लंडनमध्ये जो खटला झाला, तो पंचांच्या स्वातंत्र्याबद्दल कायद्याच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतो. पण त्याच्या आरंभी घडलेला प्रकार आमच्या विषयाचा आहे. न्यायमंदिरात शिरताना दोघांच्या टोप्या शिपायांनी काढून घेतल्या होत्या. न्यायासनाने त्या पुन्हा त्यांच्या डोक्यांवर घालविल्या, आणि मग टोप्या न उतरल्याबद्दल न्यायालयाची बेअदबी म्हणून प्रत्येकास ४० मार्क दंड केला! मान मिळविण्याची इतकी आटापिटा करणारे न्यायासन त्या मानाला कितपत पात्र होते, हे वाचकांनीच ठरवावे.

सांगावयाचे ते इतकेच की, ज्या समाजात टोपी उचलणे हे बोलण्याइतकेच नित्याचे होते, तेथे ती हनुवटीखाली गाठ मारून बांधणे म्हणजे नमस्कारासाठी जोडावयाचे हात बांधून घेण्यासारखे होते. म्हणून दोरी कोणाच्या वाट्यास गेली ते पाहा. ती लहान मुलांच्या वाट्यास गेली, जसे आपल्याकडे टोपड्याला आणि कुंचीला बंद असतात. ती गुराख्याच्या वाट्यास गेली. मेक्सिकोतील सोम्ब्रेरोला ‘बार्बिकेहो’ नावाचा हनुवटीचा बंद असतो. उत्तर अमेरिकेतील गुराख्यांनीही उधळलेल्या जनावरांमागे घोडा फेकताना टोपी जाऊ नये म्हणून कातड्याची किंवा घोड्याच्या केसांची दोरी वापरली. फिलाडेल्फियाच्या जॉन स्टेटसनने १८६५ मध्ये आपली प्रसिद्ध रुंद काठाची टोपी विक्रीस काढली ती याच लोकांसाठी. आणि दोरी, किंबहुना पट्टा, शिपायाच्या वाट्यास गेला.

शिपायाची गोष्ट जरा निराळी आहे. त्याला वरिष्ठापुढे मान तर दाखवावयाचा असतो, पण त्याचे हात बंदुकीत गुंतलेले असतात. इंग्रजी लष्कराच्या कोल्डस्ट्रीम पलटणीत १७४५ मध्ये असा हुकूम निघाला की, अधिकारी जवळून गेला असता शिपायांनी टोपी काढू नये, नुसता हात टोपीस लावून मान लववावी. आज सर्व जगात जो लष्करी सलाम रूढ आहे, त्याच्या घडणीतील ही एक पायरी आहे. टोपी काढण्याचे बंधन सुटताच ती बांधण्याची मोकळीक मिळाली. पुढे नेपोलियनच्या काळातील उंच शिरस्त्राणांना धातूच्या खवल्यांचे हनुवटीबंद आले. काठाची अडचण शिपायाला दुसऱ्याही प्रकारे जाणवे: खांद्यावर बंदूक घेताना ती काठाला आपटे. म्हणून काठ एका बाजूने वर दुमडून टाकला जाई. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताच्या घोडेस्वार रायफलधाऱ्यांनी १८८५ मध्ये जी एका बाजूने दुमडलेली टोपी स्वीकारली, ती पुढे त्या देशाच्या सैन्याची खूणच होऊन बसली; तिलाही पट्टा आहेच.

हिंदुस्थानात इंग्रजांबरोबर आलेली सोला टोपी याच घराण्यातली. ती शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडासारख्या हलक्या गाभ्यापासून बनवीत. ही वनस्पती बंगालच्या दलदलीत मुबलक उगवते. नावातील ‘सोला’ म्हणजे सूर्य अशी समजूत करून घेऊन पुष्कळ लोक तिला ‘सोलर हॅट’ म्हणत, ते चूक होय. पण टोपीचे काम पाहता ती चूक क्षम्य आहे. भेंड हलका, म्हणून उन्हात उत्तम. पण हलका म्हणूनच वाऱ्यात कुचकामी. तेव्हा तिला कातडी पट्टा लावीत. मजा अशी की जुन्या छायाचित्रांत हा पट्टा पुष्कळदा हनुवटीखाली नसून टोपीच्याच काठावर वर चढवून ठेवलेला दिसतो. घोड्यावर बसल्यावर तो खाली यावयाचा. साहेब बंगल्याच्या पायरीशी उभा राहिला की पट्टा वर. कारण तेथे त्याला कोणाच्या तरी मडमेसाठी टोपी उचलावयाची असे.

शहरातील सभ्य गृहस्थाने दोरी टाळून काय केले? प्रथम त्याने काठच वर वळविला. अठराव्या शतकातील त्रिकोणी टोपी म्हणजे तीन बाजूंनी वर दुमडलेला रुंद काठ होय. पुढे त्याने टोपी डोक्याला नेमकी बसविण्यावर भर दिला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये एक यंत्र निघाले. ते डोक्यावर ठेवले की डोक्याच्या घेराची उंचसखल आकृती कागदावर टोचून निघे, आणि त्या बरहुकूम टोपी घडविता येई. आतल्या बाजूस कातड्याची पट्टी असे ती केवळ घामासाठी नव्हे; तिच्या घर्षणाने टोपी कपाळाला धरून राही. १८४९ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील लॉक या दुकानात एडवर्ड कोक नावाच्या गृहस्थाने आपल्या घराण्याच्या नॉरफोक परगण्यातील जमीनदारीवरच्या शिकाररक्षकांसाठी कडक, ठेंगणी, घट्ट बसणारी टोपी बनवून घेतली. उंच टोप्या झाडांच्या लोंबत्या फांद्यांना लागून पडत, ही त्यांची तक्रार होती. बोलर टोपी ती हीच. टोपी ताब्यात घेताना कोकने ती जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय देऊन पाहिला, अशी आख्यायिका आहे. घुमट ठेंगणा, काठ अरुंद व कडेला वळलेला: वाऱ्याला धरावयास जवळजवळ काही उरले नाही. नोकरांसाठी काढलेली ही टोपी अर्ध्या शतकात लंडनच्या पेढीवाल्यांच्या डोक्यावर गेली, यात मला तरी नवल वाटत नाही.

ज्यांना रुंद काठ किंवा उंच घुमट सोडवत नव्हता, त्यांनी एक मधला मार्ग काढला. आणि तो मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत चतुर वाटतो. कोल्ह्याच्या शिकारीस जाणारे स्वार आपल्या उंच टोपीला रेशमी दोरी लावीत आणि तिचे दुसरे टोक कोटाच्या कॉलरमागच्या फाशात अडकवीत. गवती सपाट टोपी घालणारे तरुण अशीच दोरी कोटाच्या काजात अडकवीत. नमद्याच्या मऊ टोप्यांनाही घुमटाभोवती गुंडाळलेली बारीक दोरी व तिच्या टोकाला गुंडी असे. वारा सुटला की दोरी सोडून गुंडी काजात अडकवावयाची. या दोरीने टोपी उडावयाची थांबत नाही. ती खुशाल उडते, पण हातभर जाऊन कोटाला लोंबत राहते. उचलण्याचे स्वातंत्र्य अबाधित, आणि चिखलातून टोपीमागे धावण्याची फजितीही टळली. धनी टोपीला बांधीत नाही, फक्त हद्दपार होऊ देत नाही.

स्त्रीला यातले काहीच करावे लागले नाही, कारण टोपी उतरण्याचे बंधनच तिच्यावर नव्हते. सेंट पॉलच्या नियमाने तिचे डोके आच्छादितच राहावयाचे होते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाचा मोठा भाग तिने टोपडेवजा ‘बॉनेट’ हनुवटीखाली रिबनीची गाठ मारून वापरले. वाऱ्याचा बंदोबस्त त्यात पुरा होता. मात्र त्या टोपड्याच्या पुढे आलेल्या बाजूंमुळे तिला आजूबाजूचे नीट दिसत नसे. झापडे बांधलेल्या घोड्याची आठवण व्हावी असा तो प्रकार. शतकाच्या अखेरीस ती शाळेत शिकवू लागली, कचेरीत टंकलेखन करू लागली, सायकलवर बसू लागली; आणि टोपडे मागे पडून काठाची टोपी तिच्या डोक्यावर आली. गाठीची जागा टोपीच्या टाचणीने, म्हणजे हॅटपिनने, घेतली.

ही टाचणी कशी काम करीत असे, हे सांगणे अवश्य आहे. केस उंच बांधून, आत उशा भरून त्यांचा मोठा अंबाडा करीत. टोपी त्यावर ठेवून टाचणी एका बाजूने टोपीतून घुसवावयाची, अंबाड्याच्या एका बटेतून आरपार न्यावयाची आणि टोपीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर काढावयाची. अशा दोन टाचण्या परस्परविरुद्ध दिशांनी घातल्या म्हणजे टोपी केसांना जखडली जाई. पट्ट्याने टोपी हनुवटीला बांधली जाते, टाचणीने ती केसांना बांधली जाते, एवढाच फरक. टोपी वाढली तशी टाचणीही वाढली. १९०७ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ‘द मेरी विडो’ ही संगीतिका आली. तीत नायिकेच्या डोक्यावर जी अवाढव्य टोपी होती, तिची साथ पसरावी तशी फॅशन पसरली. काही टोप्या खांद्यांपेक्षा रुंद, त्यांवर पक्ष्यांची पिसे, आणि कधी कधी अख्खे पक्षीही. (त्या पक्ष्यांच्या संहाराविरुद्ध स्त्रियांनीच चळवळ केली; तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) एवढे शीड आवरण्यासाठी सहा-सात इंचांपासून बारा इंचांपर्यंतच्या पोलादी टाचण्या निघाल्या. त्यांच्या माथ्यावर चांदी, काच, रत्ने बसवीत. इंग्लंडातील हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नर या कारखान्याच्या टाचण्या विशेष नावाजलेल्या होत्या.

आता न्यूयॉर्कला चलावे. १९०२ मध्ये तेथे फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ब्रॉडवे हे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या कोपऱ्यावर फ्लॅटायरन नावाची उंच, पाचरीच्या आकाराची इमारत उभी राहिली. तिच्या आकारामुळे त्या कोपऱ्यावर वाऱ्याचे असे झोत उठू लागले की लोकांच्या टोप्या आणि बायकांचे घागरे उडत. आणि हे दृश्य पाहण्यासाठी रिकामटेकडे पुरुष तेथे घोळक्याने उभे राहत, त्यांना पोलिसांना हाकलावे लागे. १९०३ मध्ये एका कंपनीने त्या कोपऱ्यावर चलच्चित्राचे यंत्र लावून एक लहानसे चित्र घेतले. त्यात कथा नाही; नुसती माणसे वाऱ्यातून जाताना दिसतात, हात टोपीला लावलेले. बाईची अडचण दुहेरी होती. टोपी धरावी तर घागरा उडतो, आणि घागरा धरावा तर टोपी जाते. जिची टोपी टाचणीने पक्की आहे, तिलाच एक हात मोकळा मिळणार.

त्याच वर्षी, मे महिन्यात, त्याच फिफ्थ ॲव्हेन्यूवर दुसरी एक घटना घडली. कॅन्सस प्रांतातून शहर पाहण्यास आलेली एक तरुणी घोड्यांच्या बसमधून जात होती. शेजारी बसलेला एक वयस्क, नीटनेटक्या पोशाखाचा गृहस्थ गाडी हिंदकळण्याचे निमित्त करून तिला अधिकाधिक खेटू लागला. शेवटी त्याने आपला हात तिच्या पाठीमागून घातला. तिने टोपीतली टाचणी काढली आणि त्याच्या दंडात खुपसली. गृहस्थ ओरडला आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेला. वर्तमानपत्रांनी हे वृत्त चवीने छापले. पण अशी ती एकटी नव्हती. रस्त्यांत, ट्रामगाड्यांत एकट्या बाईची वाट अडविणाऱ्या पुरुषांविरुद्ध हे शस्त्र वापरल्याच्या हकिकती त्या सुमारास अमेरिकेच्या अनेक शहरांतून येऊ लागल्या. हे शस्त्र विकत घ्यावे लागत नव्हते, परवाना लागत नव्हता, आणि ते तिच्या डोक्यावर आधीपासून होतेच.

मग कायदेमंडळांस जाग आली. टाचणीची टोके टोपीबाहेर दोन-दोन बोटे येतात, गर्दीच्या ट्राममध्ये शेजाऱ्याच्या गालाला, डोळ्याला लागतात, अशी तक्रार होती. आणि ती खोटी होती असे मी म्हणत नाही. गर्दीत बारा इंचांचे पोलादी पाते घेऊन मान वळविणे हे धोक्याचेच आहे. त्यावर टोकाला बसवावयाचे लहानसे टोपण हा साधा उपाय होता आणि तशी टोपणे बाजारात आलीही. शिकागोच्या नगरसभेने मात्र मार्च १९१० मध्ये टाचणीच्या लांबीवरच नियम केला. नऊ इंच, म्हणजे आपली एक वीत, ही मर्यादा चर्चेत होती, आणि मोडणाऱ्या स्त्रीस ५० डॉलरपर्यंत दंड. ६८ विरुद्ध २ मतांनी ठराव मंजूर झाला. मते देणारे सर्व पुरुष होते. इलिनॉय प्रांतात स्त्रियांना नगराच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९१३ मध्ये. चर्चेच्या वेळी स्त्रियांच्या मंडळांच्या वतीने एक बाई बोलल्या. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, आमच्या टाचण्या काढून घ्यावयाच्या असतील तर आधी रस्ते निर्भय करा. या मागणीवर मते घेतल्याचे दिसत नाही. दुसऱ्या शहरांनीही शिकागोचा कित्ता गिरविला. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९१२ च्या सुमारास अशाच नियमाखाली दंड झालेल्या काही स्त्रियांनी दंड भरण्याचे नाकारून तुरुंगवास पत्करला.

पेन आणि मीड यांच्या खटल्याशी हे ताडून पाहण्याचा मोह होतो. तेथे पुरुष टोपी काढीत नाही म्हणून दंड. येथे बाई टोपी पक्की बसविते म्हणून दंड. टाचणीवाल्या स्त्रियांना क्वेकरांइतके इतिहासात स्थान मिळालेले नाही. त्यांचा झगडा फॅशनचा आहे असे त्या वेळच्या विनोदी पत्रांनी ठरविले, आणि पुढच्या इतिहासकारांनी ते मत बिनबोभाट उचलले. मला ते मान्य नाही. ज्या तत्परतेने टाचणी इंचाइंचाने मोजली गेली, त्या तत्परतेने बसमधल्या त्या गृहस्थासारख्यांचा बंदोबस्त झाला असता, तर टाचणीची तक्रार घेऊन नगरसभेपर्यंत जाण्याची वेळ बहुधा आली नसती.

टाचणी गेली ती कायद्याने नव्हे, कात्रीने. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर स्त्रियांनी केस आखूड कापले. अंबाडाच नाही, तर टाचणी खुपसावयाची कशात? पॅरिसच्या कॅरोलिन रबू यांच्या नावाशी जोडली जाणारी घंटेच्या आकाराची ‘क्लॉश’ टोपी १९२० नंतरच्या दशकात सर्वत्र झाली. तिला काठ असलाच तर नावापुरता, आणि ती भुवयांपर्यंत ओढून बसविलेली. वाऱ्याला आत बोट घालावयासही जागा नाही. पुरुषांच्या टोप्या आणखी काही दशके टिकल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याही हळूहळू खुंटीवरून नाहीशा झाल्या, आणि टोपी उचलून अभिवादन करण्याची चालही त्यांच्याबरोबर मावळली.

ती चाल मावळल्यावर हनुवटीखालच्या दोरीवरचा बहिष्कार उठला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दरीतून वर येणारा वारा प्रसिद्ध आहे. हलकी वस्तू खाली टाकली तर तो ती परत वर आणून देतो. त्या कड्याच्या काठाशी जाणारी आजची मुले-मुली रुंद काठाची कापडी टोपी घालतात. तिला दोरी असते आणि दोरीवर सरकणारा मणी. कड्याशी पोचले की मणी हनुवटीपर्यंत वर सरकवितात, आणि सावलीत येऊन डबा उघडला की टोपी मागे टाकतात. ती पाठीवर लोंबत राहते, जशी ग्रीसमधील त्या वाटसरूंची राहत असे.